धागा भिजवून बघणाऱ्या विजूआक्का

विजूआक्कांनी पहिल्या दिवशी माझ्यावर जो संशय घेतला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. आणि खरं सांगायचं तर तो सोडावा असं एकही कारण मी त्यांना दिलं नाही.

बेळगावात शहापूरच्या बाजूला, एका भांड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. मालक धरून सहा माणसं. मी निपाणीकडचा, नोकरी मागायला आलेला. मालकांनी माझी कागदं न बघताच विजूआक्कांच्या टेबलावर सरकवली. पन्नाशी ओलांडलेली बाई, घट्ट अंबाडा, टेबलावर स्टीलची पाण्याची बाटली आणि तिच्याखाली घडी घातलेला पांढरा रुमाल. त्यांनी माझ्या अर्जावरचा फोटो बघितला, मग मला बघितलं, मग पुन्हा फोटो.

"हे तूच हायस काय?"

"व्हय."

"फोटोत मिशी न्हाय."

"आत्ता ठेवलीय."

"कवा?"

"मागल्या महिन्यात."

"का?"

मिशी का ठेवली हे मला आजही सांगता येणार नाही. माझं गप्प बसणं त्यांनी पाच मोजेपर्यंत ऐकून घेतलं आणि मालकांना म्हणाल्या, "घ्या. खोटं बोलाय येत न्हाय ह्येला. निदान चटकन तरी येत न्हाय." त्या दिवसापासून माझं नाव 'निपाणी' पडलं. खरं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. तेही त्यांना तपासून घ्यायचं राहिलं असावं.

आमचं काम ऐकायला सोपं होतं. ह्या सीमाभागातल्या नद्यांवर कमी उंचीचे पूल लई. पावसाळ्यात पाणी वर चढलं की ते बुडतात. असे बारा पूल आम्ही मोबाईलवर दाखवायचो. हिरवा म्हणजे खुला, लाल म्हणजे बंद. पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं आमची नव्हती. काही सीमेच्या अलीकडच्यांनी बसवलेली, काही पलीकडच्यांनी. आमचा कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी त्यांच्या कॉम्प्युटरला विचारायचा, "पाणी किती?" तिकडून उत्तर यायचं ते वाक्यात नव्हे. महिरपी कंसात जोड्या मांडलेल्या असायच्या: पूल अमुक, पातळी तमुक, मोजल्याची वेळ अमुक. कंसाच्या आत आणखी कंस, त्यात याद्या, रुखवतात डब्यात डबा ठेवलेला असतो तसं. ह्या मांडणीला जेसन म्हणतात. आमचा पायथनमधला प्रोग्रॅम हे डबे एकेक उघडायचा, आतली पातळी काढायचा आणि पूल हिरवा का लाल ते ठरवायचा. डबे उघडण्याचा प्रोग्रॅम मी लिहायचो. डब्यात खरंच काय आहे, ह्यावर संशय घ्यायचं काम विजूआक्कांचं होतं.

ते त्यांच्या रक्तातच होतं म्हणा. घर वडगावचं, विणकरांचं. वडिलांचे दोन माग होते. रंगवलेल्या सुताचा गठ्ठा घरी आला की ते त्यावरची चिठ्ठी वाचायचे नाहीत. गठ्ठ्याच्या मधोमध बोट घालायचे, आतला एक धागा ओढायचे, तो जिभेवर ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबायचे. फडक्यावर रंग उतरला तर गठ्ठा आल्या पावली परत. एकदा, एकदाच, घरात लग्नाची गडबड होती म्हणून धागा भिजवायचा राहिला. त्या सुताच्या साड्या पहिल्या धुण्यात एकमेकींचा रंग प्याल्या. गिऱ्हाईक साडी घेऊन दारात आलं तेव्हा वडील आत गेले आणि मागावर बसून राहिले, माग न चालवता. विजूआक्का तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या. ही गोष्ट त्या सांगायच्या त्यात शेवट नसायचा. मागावर बसलेल्या वडिलांपाशी आल्या की बाटलीतलं पाणी प्यायच्या आणि विषय बदलायच्या.

"वरचा धागा कशाला न्हाय भिजवायचा?" मी एकदा विचारलं.

"वरचे दाखवायला असतात रं."

तर आमच्या ऑफिसात कुठल्याही नव्या यंत्राचं उत्तर आलं की विजूआक्का मागं येऊन उभ्या राहायच्या. "कच्चं दाखव." म्हणजे प्रोग्रॅमनं शिजवून वाढलेलं नको, तिकडून जसंच्या तसं आलेलं ते. ते पडद्यावर लांबलचक उलगडलं की त्या वरच्या चार ओळी सोडून मधेच कुठंतरी बोट ठेवायच्या. "ही पातळी कुठल्या मापात? फूट का मीटर?" मी म्हणायचो, फूटच असणार की. पहिल्याच आठवड्यात असं 'असणार की' म्हणून मी एका पुलावर पाणी तीनपट कमी दाखवलं होतं. पलीकडच्यांचं यंत्र फुटांत बोलायचं, अलीकडच्यांचं मीटरमध्ये, आणि आकड्यापुढं माप लिहायची कुणाची पद्धत नव्हती. एकाच नदीचं पाणी सीमा ओलांडताना माप बदलतं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

"धागा भिजवलास काय?" हे मग ऑफिसचंच वाक्य झालं. मालकसुद्धा चहा आला की कपाकडं बघून विचारायचे.

दुसरा माझा गैरसमज दोनशे ह्या आकड्याबद्दलचा. विचारलेलं नीट पोचलं आणि उत्तर मिळालं की समोरचा कॉम्प्युटर आधी दोनशे हा आकडा पाठवतो. दोनशे आले म्हणजे काम झालं असं मी धरून चाललो होतो. एका सकाळी बाराच्या बारा पुलांचे दोनशे आले, मी पाय पसरून बसलो. विजूआक्कांनी कच्चं उघडायला लावलं. आत पातळी नव्हतीच. आत लिहिलं होतं, की आमची सेवा दुरुस्तीसाठी बंद आहे, क्षमस्व.

"बघ की," आक्का म्हणाल्या, "किती गोड बोलून दार लावून घेतलंय. दोनशे म्हंजे दार उघडलं, एवढंच. दारात कोन उभं हाय, ते त्यात लिवत न्हाईत."

त्यांचा संशय ऑफिसपुरता नव्हता. बसस्टँडवर पाटी संकेश्वरची असली तरी त्या कंडक्टरला विचारायच्या, मग ड्रायव्हरला, मग आत बसलेल्या एखाद्या म्हातारीला. "म्हातारी लबाड बोलत न्हाय, तिला उतरायचं असतंय." भाजीवालीनं "आत्ताच तोडलीय बघा आक्का" म्हटलं की मेथीचं देठ नखानं मोडून बघायच्या. मोडायचा आवाज ऐकायच्या खरं तर. माझ्या रजेच्या अर्जाचंही तसंच. आजोबांचं वर्षश्राद्ध म्हणून मी एक दिवस मागितला.

"कुठले आजोबा?"

"आईकडचे."

"फेब्रुवारीतबी आईकडचेच व्हते की रं. एकाच आजोबांचं वर्षात दोनदा?"

"ते... तिथीनं आनि तारखेनं..."

"जा. पर पुढच्या वेळंला उत्तर जुनंच पाठवू नगोस, त्यावरची वेळ तरी बदल."

मी गेलो. निपाणीत जत्रा होती.

अशा बाईवर उलट संशय घ्यायची बुद्धी मला झाली, ह्याला काय म्हणावं? झालं असं, की पावसाळा लागला आणि विजूआक्का रोज दुपारी तीन-सव्वातीनला फोन घेऊन जिन्यात जायला लागल्या. दार ओढून घ्यायच्या. हळू आवाजात बोलायच्या. परत आल्या की ड्रॉवरमधली लाल पुठ्ठ्याची वही काढून काहीतरी टिपायच्या आणि वही आत टाकून ड्रॉवर ढोपरानं ढकलायच्या. त्याच सुमारास हुबळीकडची कुठलीशी कंपनी आमच्यासारखंच काहीतरी करतेय अशी बातमी आलेली. दोन आणि दोन मी लगेच जुळवले. ह्या बाबतीत माझा प्रोग्रॅम फार वेगानं चालतो.

एकदा त्या देवळात गेल्या होत्या तेव्हा मी ड्रॉवर उघडला. वही उघडली. आत तारखा, वेळा, आणि पुढं हे असं:

'शेवंता. सात दिसतात.'

'शेवंता. पाच दिसतात, कट्टा कोरडा.'

'मारुती, वरला. खांब अर्धा. हा वाढवून सांगतो, एक हात कमी धरायचा.'

'शेवंता. चार.'

आता मला सांगा, हे वाचून तुम्हाला काय वाटलं असतं? मला सांकेतिक भाषा वाटली. सात काय दिसतात? खांब अर्धा म्हणजे काय? मारुती वरला कोण? माझ्या अंगावर काटा आला, आणि काट्यासकट मी मालकांच्या खोलीत गेलो. वाईट तोंड करून सांगितलं, की आपल्याला काही म्हणायचं नाही, पण आक्का बाहेर कुणाला तरी रोज माहिती देतात.

मालकांनी त्यांना बोलावलं. मी दाराबाहेर फायली लावत उभा. ऑफिसात फायली नव्हत्या, तरी लावत होतो.

आतून विजूआक्कांचा आवाज आला, एकदम साधा. "देत न्हाय सर. घेतो."

बाराही पुलांजवळ त्यांनी एकेक माणूस धरून ठेवला होता. वरल्या पुलापाशी मारुती, पिठाच्या गिरणीवाला, तर कुठं देवळाचा पुजारी. आमच्या गावच्या पुलाजवळ शेवंता, भज्यांचा गाडा लावणारी बाई. रोज दुपारी फोन करून त्या विचारायच्या, घाटाच्या किती पायऱ्या पाण्याच्या वर दिसतात? पिंपळाच्या कट्ट्याला पाणी लागलं का? पुलाचा खांब किती बुडाला? आणि ते उत्तर आमच्या यंत्राच्या उत्तराशी ताडून बघायच्या. यंत्रावर संशय, म्हणून माणसं. माणसांवर संशय, म्हणून 'हा वाढवून सांगतो'. ह्यातल्या एकाही माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. नंबर मिळवले ते डेअऱ्यांच्या आणि वाण्यांच्या ओळखीनं, फोन स्वतःच्या पैशानं.

मालक वाईट नव्हते. पण त्यांनी नुकतंच एका मोठ्या गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, की आमचं सगळं आपोआप चालतं, माणसाचा हात लागत नाही. "आक्का, भजीवालीला विचारून आपण पूल दाखवतो असं कुणाला कळलं तर हसतील हो लोक. बंद करा ते."

"बरं," आक्का म्हणाल्या.

त्या बाहेर आल्या, माझ्या टेबलाजवळून गेल्या, माझ्याकडं बघितलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून तीन वाजता जिन्यात कुणी गेलं नाही. मला वाटलं, सुटलो.

आता मी केलेल्या त्या खऱ्या पराक्रमाकडं येतो, ज्याच्यापुढं वहीची चोरी म्हणजे काहीच नाही. कधीकधी उत्तरात पातळीच्या जागी आकडा नसायचा. तिथं एक शब्द यायचा, त्याचा अर्थ एवढाच, की माहिती नाही. असं झालं की माझा प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळायचा. एकदा तर त्या मोठ्या गिऱ्हाइकासमोरच कोसळला. मालकांचं तोंड बघवेना. म्हणून मी दुसऱ्या दिवशी एक ओळ घातली: पातळी मिळाली नाही, तर शून्य धर. पडणाऱ्या पोराच्या डोक्याखाली उशी द्यावी तशी. प्रोग्रॅम पुन्हा पडला नाही. मी ही ओळ कुणाला दाखवली नाही, कारण ती मला फार हुशारीची वाटत होती.

आमचं घर नदीच्या पलीकडं, डेअरी अलीकडं. आप्पा, म्हणजे माझे वडील, सकाळ-संध्याकाळ मोटरसायकलला दोन कॅन बांधून पूल ओलांडायचे. पूर्वी ते पिंपळापाशी थांबून पाण्याकडं बघायचे, विडी संपेपर्यंत बघायचे आणि मग ठरवायचे. माझं ॲप आल्यापासून त्यांनी पाण्याकडं बघणं सोडलं. घरातून निघतानाच फोन बघायचे. गावातल्या सगळ्यांना दाखवायचे, "माझ्या पोरानं केलंय." हे मला माहीत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

फोन बंद झाल्याला आठवडा झाला असेल. वर घाटात दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. दुपारचे साडेतीन. पडद्यावर अकरा पूल लाल, एक हिरवा. आमच्या गावचा. मला तर बरं वाटलं. आपला पूल तेवढा दम धरून आहे म्हणून मी खूश.

विजूआक्का बाटली भरून घेऊन चालल्या होत्या. माझ्या मागं थांबल्या.

"ए निपाणी. ही नदी शून्यावर कशी काय?"

"उतरलं असंल, आक्का."

"दोन दिस पाऊस लागलाय. वरचा पूल लाल, खालचा लाल. मधेच नदी आटली? नदी म्हंजे काय न्हाणीतली बादली हाय? कच्चं दाखव."

मी दाखवलं. पातळीच्या जागी 'माहिती नाही'चा शब्द. मोजल्याची वेळ अकरा चाळीसची.

आक्का वाकल्या. त्यांचा चष्मा पडद्याला टेकेल इतक्या. मग सावकाश म्हणाल्या, "मशीन बुडालंय रं. अकरा चाळीसला बुडालंय. बुडालेलं काय सांगनार? ते गप बसलंय. आनि त्येच्या गप बसन्याला तू शून्य म्हनालास."

मला आधी काही कळलंच नाही. मग घड्याळ दिसलं. आप्पा साडेतीनलाच निघतात.

"आक्का, आमचे आप्पा..."

"फोन लाव. आदी तो पूल लाल कर, हातानं कर, कोड नंतर बघू. मग फोन लाव."

मी पूल हातानं लाल केला, पण ॲप पुन्हा उघडल्याशिवाय फोनवरचा रंग बदलायचा नाही. आप्पांना फोन लावला. वाजला, वाजत राहिला. गाडीवर असले की ते उचलत नाहीत, आणि घरातून फोन बघून निघाले असतील तर हिरवंच बघून निघालेले. आक्का शेवंताचा नंबर लावत होत्या, वही न काढता. तो पाठ होता. तिथंही कुणी उचलेना. एकदा, दोनदा. मालक बाहेर येऊन उभे राहिले, काय झालं विचारायला त्यांचा धीर होईना. मी आप्पांचा नंबर पुन्हा लावला.

आक्कांनी तिसऱ्यांदा लावायच्या आत शेवंताचाच फोन आला. आक्कांनी आवाज मोठा केला.

"आक्का, गाडा वर वडत व्हतो, म्हनून..." शेवंताला धाप लागलेली. मागं पाण्याचा आवाज, घरघर असा.

"पायऱ्या?"

"पायऱ्या सकाळीच गेल्या की."

"कट्टा?"

"कट्टा दिसंना आता."

"तिथं दुधाचे आप्पा आल्यात काय? मोटरसायकलवाले, दोन कॅन?"

"हितंच हायत की. गाडी चालूच हाय. पुलावर वीतभर पानी दिसतंय, म्हनत्यात फोनात हिरवं हाय, म्हंजे उतराय लागलंय, जातो. मी म्हटलं नका जाऊ, तर मलाच फोन दाखवायलेत."

"चावी काढून घे गाडीची."

"ऐकत न्हाईत हो! म्हनत्यात माझ्या पोरानं केलंय, तुला काय कळतंय भज्यातनं."

आक्कांनी फोन माझ्यापुढं धरला. पुढं मी काय बोलायचं हे त्यांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

"आप्पा."

"काय रं? तू कसा काय ह्या बाईच्या फोनावर?"

"आप्पा, जाऊ नका. ते हिरवं खोटं हाय."

"खोटं कसं? तूच केलायस न्हवं?"

"व्हय. मीच केलंय. माझं चुकलंय."

तिकडनं मोटरसायकल बंद झाल्याचा आवाज आला. मी आयुष्यात ऐकलेला सगळ्यात चांगला आवाज तो.

"मग आता दुधाचं काय करू?" आप्पांनी विचारलं.

आप्पा परत फिरले. त्या संध्याकाळी घरात आईनं खवा आटवला आणि माझ्या नावानं बोटं मोडली. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा कळलं, पूल जागेवर होता, पण पलीकडच्या टोकाचा रस्त्याचा तुकडा मोटारभर लांबीचा वाहून गेला होता. वरून वीतभरच पाणी दिसत होतं.

मला वाटलं, आता आक्का मला सोलणार. त्यांनी फक्त खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "ती वळ काढ." मी उशीची ओळ पुसली. "आता नसलेलं आलं की प्रोग्रॅम पडंल," मी म्हटलं.

"पडू दे. पडलेला प्रोग्रॅम उचलाय येतोय."

मग त्यांनी माझ्याकडून तिसरा रंग करून घेतला. हिरवा नाही, लाल नाही, राखाडी. खाली अक्षरं: 'माहिती नाही. जाऊ नका.' आकडा नसला की राखाडी, वेळ अर्ध्या तासाहून जुनी असली की राखाडी, आजूबाजूचे पूल लाल आणि हाच एकटा हिरवा असला तरी राखाडी. मालक कुरकुरले, एवढं राखाडी दिसलं तर लोक म्हणतील ह्यांना काहीच माहीत नाही.

"न्हायच माहीत," आक्का म्हणाल्या. "ते तेवढं तरी खरं सांगू या."

तीनला जिन्यातले फोन पुन्हा सुरू झाले. ह्या वेळी दार उघडं ठेवून.

दोन दिवसांनी माझ्यानं राहवेना. मी त्यांना सांगितलं, की वहीचं मालकांना मीच...

"ठाव हाय."

"कसं?"

"शेवंताच्या पानावर चहातल्या बिस्किटाचा लगदा व्हता. ऑफिसात बिस्कीट बुडवून, तुटंपर्यंत बुडवून खानारा येकच हाय." आणि रुमालानं चष्मा पुसत, "वही वाचलास त्येचं काय न्हाय रं. वाचून मला इचारला असतास, तर फोन बंद झाले नसते. संशय घ्यायचा तर अर्धा घेऊ न्हाय. पुरा घ्यायचा. शेवटपत्तोर जायचं."

पुढच्या आठवड्यात आप्पा स्वतः बेळगावला आले, आक्कांना भेटायला. सकाळचं पाच लिटर दूध घेऊन, कॅनला धुवट फडकं बांधून, इस्त्रीचा सदरा घालून. हात जोडून कॅन टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता तरी आक्का विरघळतील. त्यांनी झाकण काढलं, बोट बुडवलं, आणि दुधाचा एक थेंब अंगठ्याच्या नखावर सोडून नख उभं धरलं. थेंब पळतो का थांबतो, ते बघायला.

ज्या माणसानं चाळीस वर्षं दूध घातलंय, त्याच्या तोंडावर हे. मी जमिनीत जागा शोधत होतो.

आप्पाही वाकून नखाकडं बघत होते. थेंब थांबला. "बघा, बघा आक्का," ते म्हणाले, एकदम खुशीत, "बघितलंच पायजे. मी बघाय सोडलं म्हनून तर..." आणि पुढचं बोलले नाहीत. आक्कांनीही पुढचं विचारलं नाही. फक्त त्या एका वेळी.

त्याच वर्षी दिवाळीनंतर विजूआक्कांनी नोकरी सोडली. डोळे थकले म्हणाल्या. लोंढा गावात भाऊ होता, त्याच्याकडं जाणार होत्या. लाल पुठ्ठ्याची वही मी मागितली. त्या म्हणाल्या, नंबर उतरून घे, वही देत नाही. मी नंबर उतरून घेतले. त्यांनी ते माझ्यासमोर एकेक लावून बघितले.

शेवटच्या त्या मला दिसल्या पुढच्या उन्हाळ्यात. मी गावी चाललो होतो, बसनं, कामाच्या दिवशी. मालकांना काय सांगितलं होतं ते विचारू नका. आजोबा ह्या वेळी वडिलांकडचे होते. बस पुलावर चढायला वळली आणि खिडकीतून पिंपळ दिसला. त्याच्या खाली शेवंताचा गाडा, आणि गाड्यापुढं घाटाच्या पायरीवर छत्री घेऊन एक बाई उभी. घट्ट अंबाडा. हातात लाल पुठ्ठा.

नदीत पाणी नव्हतं म्हणण्याइतकं कमी. पायऱ्या सगळ्या उघड्या. आक्का छत्रीच्या टोकानं एकेक पायरी मोजत खाली उतरत होत्या, आणि वर शेवंता कमरेवर हात ठेवून, चिडून की हसून कळेना, काहीतरी सांगत होती. सबंध पावसाळाभर फोनवरून ऐकलेल्या पायऱ्या खरंच आहेत का, आणि कट्ट्याला पाणी लागतं तेव्हा पुलाचं काय होतं, ते बघायला ही बाई लोंढ्याहून आली होती. नोकरी सुटल्यावर. कुणी न सांगता.

मला हसू आवरेना. मी फोन लावला. खाली त्यांनी वही काखेत धरली, पिशवीतून फोन काढला.

"आक्का, कुठं हायसा?"

"कुठं असनार? घरात, लोंढ्याला. बोल की."

ही बाई माझ्याशी खोटं बोलत होती! मी खिडकीत खाली सरकलो.

"सहजच केलतो."

"तू कुठं हायस?"

"ऑफिसात," मी म्हटलं. तोंडातून सवयीनं गेलं.

तेवढ्यात समोरून म्हैस आली आणि ड्रायव्हरनं हॉर्न मारला. लांबच्या लांब, दम संपेपर्यंत.

खाली आक्का थांबल्या. फोन कानापासून थोडा दूर केला, मग पुन्हा कानाला लावला.

"निपाणी," त्या म्हणाल्या, "हॉर्न दोन्ही कानांत कसा रं वाजला?"

आणि फोन तसाच धरून, डोळ्यांवर हाताची सावली करून, त्या पुलावरच्या बसच्या एकेका खिडकीकडं क्रमानं बघायला लागल्या. पुढून सुरुवात केली होती. मी मागून तिसऱ्या खिडकीत होतो.